चित्राबरहुकूम कोट

काजमास्तरांच्या दुकानावर नावाची पाटी नव्हती. 'कोट शिवून मिळतील' एवढं मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'घाई असणाऱ्यांनी पुढे जावे'. पुढे म्हणजे कोपऱ्यावर तयार कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. मास्तरांच्या मते तिथं कपडे मिळत नसत, माणसांना घालायची पोती मिळत. ती पोती घालून जाणाऱ्या प्रत्येकाकडे मास्तर दुकानात बसल्या बसल्या बघत आणि याचा खांदा कुठं ओघळलाय, त्याची बाही कुठं पिळलीय, हे स्वतःशीच पुटपुटत. चांगला शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे. चांगलं शिवलेलंच कुठं दिसेना, त्याला ते तरी काय करणार?

काज म्हणजे बटण अडकवायची चीर. मास्तर ती हातानं करीत, कडेनं रेशमाचे टाके एकमेकांना खेटून बसवीत, आणि एका काजाला पाऊण तास घेत. एकदा एक गिऱ्हाईक बोलण्याच्या ओघात 'बटणाचं भोक' म्हणून गेलं. "भोक उंदीर पाडतो," मास्तर म्हणाले आणि त्याचं कापड घडी घालून परत दिलं. त्या दिवसापासून गल्लीनं त्यांचं नाव काजमास्तर ठेवलं. बायको बटणं लावायची, म्हणून ती बटणकाकू. काज त्यांचं, बटण तिचं, अशी संसाराची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात झाली होती. "तुमचं काज म्हणजे नुसती मोकळी जागा," काकू म्हणायच्या. "माझं बटण आहे म्हणून तिला किंमत." मास्तर यावर कधी वाद घालत नसत. जगात एवढ्या एकाच माणसाशी ते वाद घालत नसत.

काज शिकायला त्यांना तीन वर्षं लागली होती. पहिलं वर्षभर तर चिंध्यांवरच. त्या तीन वर्षांत गुरूनं त्यांना एकच गोष्ट शिकवली, पण ती पक्की शिकवली: टाका उसवता येतो, काज बुजत नाही. एकदा कापड कापलं की कापलं. म्हणून कातर लावण्याआधी तीनदा बघायचं.

साहेब त्यांच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा साहेब नव्हते. कोर्टाच्या पायऱ्यांवर अशील शोधत उभे राहणारे एक किडकिडीत वकील होते. मास्तरांनी टेप लावायच्या आधीच ओळखलं की यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. तसं ते काही बोलले नाहीत. कोटाच्या डाव्या खांद्यात त्यांनी आतून अर्ध्या इंचाची गादी घातली आणि वरून काही दिसू दिलं नाही. वकीलसाहेब दुकानातल्या आरशासमोर उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. आपण सरळ दिसतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. पुढं ते निवडून आले, मग मंत्री झाले, मग सगळ्यांच्या वर जाऊन बसले. मधल्या तीस वर्षांत त्यांनी दोन पक्ष बदलले, मित्र किती बदलले त्याला गणती नाही, आणि भाषणं तर सकाळ-संध्याकाळ बदलत. खांदा मात्र तोच राहिला आणि शिंपीही तोच.

सर्वोच्च पदाची शपथ घेताना घालायला मास्तरांनी साहेबांना एक गडद निळा कोट शिवून दिला होता. समोर चार काजं. त्या चार काजांसारखी काजं आपल्या हातून पुन्हा होणार नाहीत, हे मास्तरांना तेव्हाच कळलं होतं, कारण डोळे कुरकुरायला लागले होते. तो कोट म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई होती. साहेबांना अर्थात तो कपाटातला एक कोट होता.

मग सभागृहात साहेबांचं तैलचित्र लावायचं ठरलं. जिवंतपणीच. हल्ली थोर माणसांना मरेपर्यंत धीर निघत नाही. चित्र काढायचं काम ज्यांना दिलं, त्यांना वर्तमानपत्रं चित्रसम्राट म्हणत. त्यांनी रंगवल्याशिवाय माणूस थोर होत नाही, अशी थोरांची समजूत होती, आणि चित्रसम्राटांनीही ती कधी दूर केली नव्हती. साहेब त्यांच्यासमोर दोनदा बसले. पहिल्यांदा त्यांनी फोनवर बोलण्यात वेळ घालवला, दुसऱ्यांदा झोप काढली. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्या जागी तो निळा कोट पाठवला. "चेहरा फोटोवरून घ्या, बाकी कोट आहेच," असा निरोप होता. म्हणजे देशासमोर जे उभं राहणार होतं, त्यातला खरा एक कोटच.

अनावरणाला मास्तरांना बोलावणं आलं. काकूंना घेऊन ते शेवटच्या रांगेत बसले. पडदा सरकला, टाळ्या पडल्या, कुणीतरी 'अहाहा' केलं. सगळे साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मास्तर चेहरा नेहमी सगळ्यात शेवटी बघत. त्यांनी आधी काजं बघितली.

काजं साहेबांच्या उजवीकडे होती.

पुरुषांच्या कोटाची काजं डाव्या बाजूला असतात आणि बायकांच्या कपड्यांची उजव्या. हे चारचौघांना माहीत नसेल, पण शिंप्याला झोपेतही माहीत असतं. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वरचा खिसा उजवीकडे गेला होता. उजवा खांदा अर्धा इंच वर आला होता. आणि काडीसारख्या साहेबांना चांगलं दणदणीत पोट फुटलं होतं.

"अहो," काकू कुजबुजल्या, "माझी बटणं डावीकडे कशी गेली?"

मास्तरांनी चष्मा खिशात टाकला. चहाच्या वेळी ते सरळ चित्रसम्राटांसमोर जाऊन उभे राहिले.

"चित्र छान आहे," ते म्हणाले. खोटं बोलायचा सराव नसल्यानं त्याच दमात खरंही बाहेर पडलं. "पण कोट उलटा झालाय."

चित्रसम्राट दयाळूपणे हसले. "बटणं कुठल्या बाजूला आहेत, ते मी बघत नाही. मी माणसाचा आत्मा बघतो."

"मग आत्माच काढायचा होतात. त्याला बटणं लागत नाहीत. माझा कोट कशाला नेलात?"

चित्रसम्राटांनी कप खाली ठेवला आणि दुसऱ्या कुणाला तरी नमस्कार करायला ते वळले. तेवढ्यात मास्तरांच्या नजरेनं त्यांचं माप घेऊन टाकलं. छाती रुंद, हात आखूड, खांदे दोन्ही सारखे, आणि पोट... पोट भिंतीवर टांगलेलंच होतं. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या गृहस्थांनी साहेबांचा कोट स्वतः अंगात चढवला होता, आरशासमोर उभे राहिले होते, आणि आरशात दिसलं ते जसंच्या तसं उतरवून वर साहेबांचं डोकं बसवलं होतं. खांदे सारखे असलेल्या माणसानं गादीचा कोट घातला की डावा खांदा वर येणारच, आणि आरशात तो उजवा होणारच. उभं सभागृह ज्याला हात जोडत होतं, तो साहेबांच्या मुंडक्याखालचा चित्रकार होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की साहेबांच्या उंचावलेल्या उजव्या खांद्यातून राष्ट्राचा भार पेलण्याची जिद्द प्रकट होते. मास्तरांनी ते काकूंना दोनदा वाचून दाखवलं. "माझी गादी आहे ती!" ते ओरडले. "अर्ध्या इंचाची!" पण चित्रातली काजं बायकी बाजूला आहेत हे एव्हाना फुटलं होतं, आणि साहेबांचे कोट कोण शिवतं, हे उभ्या गावाला ठाऊक होतं. समोरचा न्हावी, ज्याच्या कात्रीला मास्तरांनी तीस वर्षं नावं ठेवली होती, दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, आमच्या हिला एक ब्लाउज शिवायचाय," तो म्हणाला, "साहेबांच्या कोटासारखा." गल्ली हसली. त्या आठवड्यात हा विनोद आणखी चौघांनी केला, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटलं. काजाच्या जिवावर नाव कमावलेला माणूस म्हातारपणी काज कुठल्या बाजूला करतात तेच विसरला, अशी बोलवा झाली. मास्तरांना ते लागलं. चांगलंच लागलं. आपला कोट बरोबर होता, एवढं एखाद्यानं चारचौघांत म्हणावं, याहून त्यांना काही नको होतं.

त्याऐवजी आलं पत्र, आणि पत्राबरोबर कोट.

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, साहेबांचा मूळ कोट तैलचित्राखाली काचेच्या पेटीत ठेवण्याचे जतन समितीने ठरविले असून, सदर कोट तैलचित्राशी विसंगत असल्याचे आढळून आले आहे. तरी सदर विसंगती दूर करून कोट चित्राबरहुकूम करून द्यावा.' खाली सात सह्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि इथं तर फास घालायचं कामही संन्याशालाच सांगितलेलं.

मास्तरांनी कोट उलगडला. दोन्ही काखांत शिवण तटतटून उसवली होती आणि उजव्या बाहीच्या आत, मनगटापाशी, हिरवा रंग वाळून चिकटला होता. कोट घालूनच चित्रसम्राट कुंचला फिरवीत होते, याला आणखी पुरावा तो कसला हवा? कोट काखेत मारून मास्तर तडक साहेबांच्या चिटणिसांकडे गेले. चिटणीस म्हणजे साहेबांचं चालतंबोलतं दार. ते उघडलं तर साहेब दिसत, आणि ते सहसा उघडत नसे.

मास्तरांनी सगळं सांगितलं. आरसा, खांदा, खिसा, पोट, हिरवा डाग. चिटणिसांनी शांतपणे ऐकलं.

"तुमचं बरोबर असेलही," ते म्हणाले. "पण चित्रावर सही आहे. तुमच्या कोटावर सही आहे का?"

"ही चार काजं काय आहेत मग?"

"काजं सगळ्याच कोटांना असतात, मास्तर. हे बघा, चित्र बदलता येत नाही. ते जगभर छापून गेलंय. कोट काय, तुमच्याच हातचा आहे. इकडची भोकं तिकडे करायची, त्यात काय एवढं?"

भोकं! मास्तरांच्या मानेची शीर ताठ झाली. "काज बुजत नाही," ते म्हणाले. "कोट मरेल."

"तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. कोपऱ्यावरच्या दुकानात देतो. त्यांच्याकडे यंत्र आहे. दहा मिनिटांत होतं म्हणे."

यावर मास्तर कोट घेऊन गुपचूप घरी आले. तीन दिवस दुकानाच्या टेबलावर कोट पसरलेला आणि शेजारी कातर. तीनदा बघायचं तर त्यांनी तीस वेळा बघितलं. नाही म्हणावं तर कोपऱ्यावरचा खाटीक तयारच होता. हो म्हणावं तर कातर कापडाला लागेना. चौथ्या दिवशी दुपारी काकूंनी कातर उचलून खणात टाकली.

"त्यांनी लिहिलंय काय? नीट वाचा."

"चित्राबरहुकूम करून द्यावा."

"मग द्या की चित्राबरहुकूम! चित्रातल्या माणसाच्या मापाचा. हाच कोट द्या असं कोण म्हणतंय? ते बघायलाच कुठं जाणार आहेत? त्यांना चित्रासारखं काहीतरी पेटीत ठेवायचंय."

मास्तर बायकोकडे बघत राहिले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणाचं इतकं कौतुक वाटलं नव्हतं. तेच निळं कापड अजून दोन वार शिल्लक होतं, आणि चित्रसम्राटांचं माप डोक्यात पक्कं होतं. मास्तरांनी आयुष्यात प्रथमच मुद्दाम चुकीचा कोट शिवायला घेतला आणि तो अगदी बिनचूक शिवला. पोटाला ऐसपैस, बाह्या आखूड, खिसा उजवीकडे, उजव्या खांद्यात अर्ध्या इंचाची गादी. काजं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यंत्रावर करून आणली. "असल्या कोटाला माझं काज नाही," ते म्हणाले. काकूंनीही बटणं अशी ओढून-ताणून लावली की त्यांच्या आईनं बघितली असती तर रागावली असती. उजव्या मनगटाच्या आत मास्तरांनी हिरव्या रंगाचा एक ठिपकाही दिला. खरा कोट साफ करून, काखा शिवून, कपाटात गेला.

समितीनं कोट चित्राशेजारी धरून बघितला. हुबेहूब! सातही जणांनी पुन्हा सह्या केल्या.

पेटीच्या उद्घाटनाला साहेब स्वतः आले. सत्तरी ओलांडली होती, अंगावर मांस नव्हतं, पण फोटोवाले दिसताच उभं राहायची ढब तीच. पेटीत ठेवण्याआधी साहेबांनी कोट एकदा चढवावा आणि चित्राखाली उभं राहावं, असं कुणीतरी सुचवलं. राजा बोले दल हाले. इथं तर दलच राजाला हलवायला निघालं होतं. साहेबांनी कोट चढवला. मनगटं वीतभर बाहेर आली. समोर इतकी जागा उरली की आणखी एक मंत्री आत मावला असता. साहेबांचा डावा हात तीस वर्षांच्या सवयीनं काजाकडे गेला, तिथं बटण लागलं. उजवा हात बटणाकडे गेला, तिथं काज. बोटं चाचपडली, थांबली, पुन्हा चाचपडली. सभागृह बघत होतं. आणि साहेबांनी मान वर करून थेट शेवटच्या रांगेत मास्तरांकडे बघितलं.

त्यांना कळलं होतं. मास्तरांनी ते स्पष्ट बघितलं. 'हा माझा कोट नाही,' एवढंच साहेबांनी म्हणायचं होतं. काकूंनी मास्तरांचा हात घट्ट धरला.

साहेबांनी हात खाली सोडले आणि ते हसले. "देशाच्या काळजीनं खंगलो," ते म्हणाले, "आणि लोकांसाठी पसरून पसरून हात तेवढे लांब झाले. बाकी कोट तोच आहे. मी नेहमी असाच कोट घालत आलोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चित्रसम्राट तेवढे टाळ्या वाजवीत नव्हते. ते कोटाच्या पोटाकडे बघत होते आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला होता. मास्तरांकडे लक्ष जाताच त्यांनी तो खिशात घातला.

 घरी आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं मी त्याला सरळ उभा केला. त्यानं मला एका वाक्यात वाकडा केला." काकूंनी चहा केला. तो तसाच निवला.

थंडी पडली तशी एका दुपारी चिटणीस दुकानात उगवले. आधी हवापाण्याचं बोलले, मग काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवायची मोठ्यांच्या माणसांची जुनीच रीत. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "साहेबांना हल्ली गारठा सोसत नाही. दुसऱ्या कोटांत त्यांना उबदार वाटत नाही म्हणे. तो... जुना निळा... तुमच्याकडे असेल, असं साहेब म्हणत होते."

"साहेबांचा कोट काचेत आहे," मास्तर म्हणाले. "सात सह्या आहेत."

"असं काय करता? घरात घालायला हवाय. बाहेर कुणाला दिसणार नाही, त्याची काळजी आम्ही घेऊ."

मास्तरांनी कपाट उघडलं आणि कोट काढून टेबलावर ठेवला. चिटणिसांनी हात पुढं केला.

"साहेबांना सांगा, कोट तयार आहे," मास्तर म्हणाले. "त्यांनी इथं यावं. या आरशासमोर घालावा, चारही बटणं आपल्या हातानं लावावीत, आणि तसंच गल्लीतून चालत गाडीपर्यंत जावं. मग कोट त्यांचा."

"तेवढं कसं जमेल, मास्तर?"

"मग काचेतला घालायला सांगा."

चिटणीस गेले. मास्तरांनी कोटावरून ब्रश फिरवला आणि तो आरशाशेजारी खुंटीला अडकवला. रोज सकाळी ते ब्रश फिरवीत. मोटार थांबल्याचा आवाज आला की सुई हातातच राही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. साहेब आले नाहीत.

मग एका सकाळी काकूंनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. पहिल्या पानावर साहेब होते. आयुष्यभर कोटाशिवाय कुणाला न दिसलेला माणूस शाल पांघरून उभा होता. खाली मजकूर होता की साहेबांनी कोटाचा त्याग केला असून उतारवयातील त्यांचा हा साधेपणा तरुणांनी अनुकरण करण्याजोगा आहे.

"शाल!" काकू म्हणाल्या. "बघा, कसा मार्ग शोधून काढलाय. शालीला डावं-उजवं नसतं."

मास्तरांनी चष्मा चढवून फोटो डोळ्यांपाशी धरला. चेहरा त्यांनी नेहमीसारखा शेवटी ठेवला. शालीखाली डावा खांदा अर्धा इंच खाली उतरला होता, गावभर छापला गेला होता, आणि कुणाच्याही लक्षात आला नव्हता. मास्तरांना राग आला होता तो कुठं गेला कळेना. त्यांना त्या खांद्याची लाज वाटली, जशी आपल्या पोराची वाटते.

"खांद्याला असतं," ते म्हणाले आणि खुंटीवरच्या कोटावरून त्यांनी ब्रश फिरवला.